शेवटच्या रांगेमागचं क्वार्टर

कुकरची शिट्टी झाली तेव्हा विमानात सगळं चिडीचूप होतं. भरदुपार, जेवणं आटोपलेली, खिडक्यांवर पडदे ओढलेले, आणि माणसं माना वाकड्या करून झोपलेली. शलाकाच्या खांद्यावर ईशान झोपला होता, मांडीवर डोकं टाकून मुक्ता. दोन्ही पोरं एकाच वेळी झोपण्याचा योग क्वचित येतो, आणि आला की आईनं श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा असतो. ती तसाच घेत होती. तेवढ्यात मागून शिट्टी आली. आधी फुरफुर, मग लांबलचक, आणि शेवटी दम लागल्यासारखी मध्येच तुटलेली.

शलाकानं ती ओळखली. तिच्या आईच्या कुकरची होती. रिंग बदलली, शिट्टी बदलली, तरी तो कुकर असाच धापा टाकायचा.

तिनं मान वळवून पाहिलं. त्यांच्या पाठीमागे एकच रांग होती, आणि त्या रांगेमागे, जिथे मघापर्यंत टॉयलेटं होती, तिथे साखर कारखान्याच्या कॉलनीतलं त्यांचं क्वार्टर होतं. हिरवा दरवाजा, कडीला बांधलेली चिंधी, दारात पायपुसणं. बाबा रिटायर झाल्यावर ते क्वार्टर कारखान्याला परत दिलं होतं, आणि पुढे कारखान्यानं ती सगळी लाइनच पाडून गोडाऊन उभं केलं होतं. आता ते विमानाच्या शेपटीला लागून होतं आणि स्वयंपाकघरातला दिवा चालू होता.

खिडकीकडे बसलेले दाभाडेकाका जागे झाले. ते मुलाकडे निघाले होते, पहिल्यांदाच विमानात बसले होते, आणि सकाळपासून मुक्ताला ढगांची नावं सांगत होते.

"वरण शिजतंय कुठेतरी," ते म्हणाले.

"आमचंच घर आहे," शलाका म्हणाली. "आईनं कुकर लावलाय."

"हिंग जरा सढळ हातानं दिसतो."

"तिला सवय आहे."

"चांगली सवय," काका म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. ती गेली तेव्हा शलाका जर्मनीत होती, बाळंतिणीच्या खोलीत, आणि ईशान जेमतेम आठवड्याचा. विमानात बसू द्यायला डॉक्टर तयार नव्हते. तिनं जे काही पाहिलं ते दादानं धरलेल्या फोनमधून. आता ईशान रांगायला लागला तेव्हा कुठे ती दोघांना घेऊन पुण्याला दादाकडे येऊन गेली होती, बाबांना नातवंडं दाखवून परत निघाली होती. तिकडे तिचा नवरा सौरभ ढकलगाडी आणि दोन स्वेटर घेऊन विमानतळावर यायचा होता.

निळ्या स्कार्फातली एअर होस्टेस वाकून पुढे आली. गोरीपान, सोनेरी केसांची बाई, पण बोलली ती थेट पंचगंगेकाठची.

"ताई, मागचं घर तुमचंच न्हवं?"

"हो."

"मग जरा बघा की. मघाधरनं इमान जाग्यावच हाय."

तिनं समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. निळ्या समुद्रावर छोटंसं पांढरं विमान होतं आणि ते खरंच हलत नव्हतं. उलट, राहिलेलं अंतर हळूहळू वाढत होतं.

"आनि घर जेवढं मागनं वाढतंय, तेवढ्या फुडनं रांगा कमी व्हायल्यात," ती म्हणाली. "पैल्या वर्गातली मानसं आता जेवनाच्या गाड्याव बसल्यात. निघताना घरी काय राहिलं काय तुमचं?"

शलाका आठवू लागली. पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत. डायपर, दुधाची पावडर, तापाचं औषध. मेतकूट तीन पिशव्यांत गुंडाळून. मुक्ताचा एक कान तुटलेला ससा. काही राहिलं नव्हतं. मग तिचं लक्ष उजव्या तळव्याकडे गेलं. तळवा कोरडा होता.

"दही," ती म्हणाली.

घरातून कुणीही लांब निघालं की आई हातावर दही ठेवायची. चमचाभर दही, वर चिमूटभर साखर. दहावीच्या पेपराला, कॉलेजला, नोकरीच्या मुलाखतीला, लग्न होऊन जाताना, आणि मग दर वेळी जर्मनीला जाताना. दही चाटायचं, हात तिच्या पदराला पुसायचा, आणि निघायचं, मागे वळून न बघता. या खेपेला वहिनीनं थर्मास भरून दिला, पोरांचे पापे घेतले, टॅक्सीवाल्याला बॅगा नीट ठेवायला लावल्या, रडलीसुद्धा. दही मात्र राहिलं. ते काम आईचं होतं, म्हणून दुसऱ्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खुद्द शलाकाच्यासुद्धा.

"मग तुम्ही अजून निघालाच न्हाई की," एअर होस्टेस म्हणाली. "जावा, घेऊन या. तवर हे हलायचं न्हाई."

शलाकानं मुक्ताला उठवलं. "चल, आजीकडे जायचंय."

"कुठली आजी?"

"माझी आई."

"ती आहे?"

"स्वयंपाक करतेय," शलाका म्हणाली.

दाराबाहेर चपला-बुटांची ही रांग लागली होती. टॉयलेटं आता क्वार्टरच्या मागच्या अंगणात गेली होती, त्यामुळे ज्याला अडलं होतं तो घरातून जात होता, आणि ज्याला आई भेटली तो बूट काढूनच जात होता. बाहेरच्या खोलीत एक उंच परदेशी माणूस मोज्यांवर उभा होता. त्याच्या हातात पोह्यांची बशी होती आणि तो लिंबाची फोड कुठे पिळायची याचा विचार करत होता.

"चपला बाहेर," आतून आवाज आला.

"काढल्या, आई."

आई ओट्याशी उभी होती. बिनकाठाची फिकी साडी, पदर खोचलेला, बांगड्यांना दोन सेफ्टी पिना. ती वळली आणि तिनं शलाकाला वरून खाली पाहिलं.

"वाळलीस किती. तिकडे काय गवत खाता काय? आणि ही मुक्ती ना? केस कुणी कापले हिचे, उंदरानं?" मग तिची नजर ईशानवर आली आणि तिनं नुसते हात पुढे केले. "दे."

शलाकानं ईशानला तिच्या हातात दिलं. आईनं त्याला पहिल्यांदाच घेतलं होतं. तिनं त्याच्या डोक्याचा वास घेतला, तळपाय दाबून बघितले, कानामागे बघितलं.

"आई, दही हवं होतं. निघायचंय."

"दही नाही गं. दूध आत्ताच तापवलंय. कोमट झालं की विरजते, पण घरात विरजणच नाही. मुक्ते, वाटी घे आणि कुणाकडे आहे का बघ. शेजारीपाजारी विचारावं, लाजू नये."

मुक्ता वाटी घेऊन विमानात गेली. दारातून शलाकाला ती दिसत होती. ती प्रत्येक रांगेपाशी थांबे, वाटी पुढे करी आणि म्हणे, "विरजण आहे का?" लोक झोपेतून उठून खिसे चाचपत, पिशव्यांत बघत, आणि मान हलवत. कुणाकडे बिस्किटं होती, कुणाकडे कानात घालायचे बोळे. एका बाईनं तिच्या वाटीत क्रीम पिळलं. मुक्तानं ते नम्रपणे पुसून टाकलं. शेवटी दाभाडेकाकांनी सीटखालून स्टीलचा डबा काढला. त्यांच्या लेकीनं दहीभात दिला होता.

"भातातलं चालेल का?" मुक्ता लांबूनच ओरडली.

"फोडणी घातलीय का विचार," आई म्हणाली.

"काकांना पित्त होतं. फोडणी नाही."

"मग चालेल."

आईनं वाटीतल्या दह्यातली शितं बोटानं बाजूला केली, वास घेतला, आणि दूध कोमट झाल्याची करंगळीनं खात्री करून विरजण लावलं. पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं, वर ताटली झाकली.

"आता कुणी हलवायचं नाही," ती म्हणाली. "हललं की पाणी सुटतं."

बाहेर एअर होस्टेसनं दबक्या आवाजात सगळ्यांना पट्टे बांधायला सांगितलं. विमान आकाशात होतं तिथेच आणखी स्थिर झालं. ढगसुद्धा हलत नव्हते.

"तोवर मी ह्याला न्हाऊ घालते," आई म्हणाली.

मोरीत पाटावर बसून तिनं पाय लांब केले, साडी गुडघ्यांपर्यंत घेतली आणि ईशानला पायांवर घेतलं. तेलाची वाटी शलाकानं आपण होऊन दिली. कुठे असते ते तिला अजून आठवत होतं. आईचे हात भराभरा फिरू लागले. छाती, खांदे, मांड्या. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. तांब्यातून पाणी पडत होतं आणि ईशान रडत नव्हता. जर्मनीत शलाका त्याला प्लास्टिकच्या टबात, पुस्तकात दाखवल्यासारखं, मान धरून, थर्मामीटर बुडवून आंघोळ घालायची. तेव्हा तो तारस्वरात रडायचा.

"पाणी फार कढत नाही ना?"

"तुला ह्यापेक्षा कढत घालत होते. मेलीस का?"

शलाका उंबऱ्यावर बसली. कित्येक महिन्यांत ती अशी रिकाम्या हातांनी बसली नव्हती. हवेत मळीचा गोडसर, कुबट वास होता. कारखान्याचा भोंगा झाला, पहिली पाळी सुटली, आणि रस्त्यानं सायकलींच्या घंट्या वाजत गेल्या. मुक्ता कोपऱ्यात तांदळाच्या डब्यात हात घालून बसली होती. लहानपणी शलाकाही तशीच बसायची. थंड तांदूळ कोपरापर्यंत. दही बसूच नये, असं तिला वाटलं. आजच्या दिवस नको. उद्याही नको.

"शलू, टॉवेल."

तिनं ईशानला टॉवेलात घेतलं आणि तो हलका लागला. सकाळी विमानतळावर तो फरशीवरून रांगत सिक्युरिटीच्या शिपायापर्यंत गेला होता. आता त्याची मान मागे पडत होती. तिनं त्याच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. खालचे दोन दात नव्हते.

"आई, हा लहान होतोय."

"इथे कोण मोठं होतं?" आई म्हणाली. "बस जरा. धुरी देते."

तिनं निखाऱ्यावर ओवा टाकला आणि ईशानला धुरावरून फिरवलं. शलाकानं मुक्ताकडे पाहिलं. मुक्ताचा फ्रॉक तिच्या घोट्यांपर्यंत आला होता. ती म्हणाली, "आदी, तांदूल गाल आहेत." दोन वर्षांपूर्वी ती असं बोलायची. शलाकानं ते बोलणं फोनमध्ये साठवून ठेवलं होतं आणि फोन बिघडला तेव्हा ते गेलं होतं. आता ते तिच्यासमोर बसून बोलत होतं, आणि ती ऐकत राहिली.

"दूल येतोय," मुक्ता म्हणाली. "दोल्यात."

"एक मिनिट, सोन्या," शलाका म्हणाली.

एअर होस्टेस अनवाणी आत आली. "ताई, फुडं आता सा रांगा उरल्यात. लोकं एकमेकांच्या मांडीव बसल्यात."

"दही बसतंय," आई म्हणाली. "चहा घे."

"नको. पायलट सायबांनी इचारलंय."

"त्यांना पण दे."

ती दोन कप घेऊन गेली.

आईनं ईशानला पांढऱ्या मलमलीत गुंडाळलं, पाय नीट जोडून, हात आत घालून. गाठोडं छातीशी धरून ती भिंतीला टेकून बसली. त्याचे डोळे आता नीट उघडत नव्हते. कपाळावर म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या होत्या.

"असाच होता का गं, झाला तेव्हा?"

"असाच. अजून थोडा लालसर."

"मला फोनमध्ये दाखवलात, तर त्यात नुसता दिवा चमकत होता." आई त्याच्याकडे बघत होती. "तेवढा लालसर होईपर्यंत थांब."

शलाका थांबली. ती तिच्या आईशेजारी, भिंतीला पाठ लावून, खांद्याला खांदा टेकून बसली. पलीकडून मुक्ता आली आणि तिच्या मांडीवर चढली. मुक्ता बोलायची थांबली होती. तिनं अंगठा तोंडात घातला होता, आणि तिच्या टाळूवरची जागा पुन्हा मऊ झाली होती, तिथे नाडी उडत होती. ईशान लाल झाला. मग आणखी लाल झाला. आईनं मलमल जराशी सोडून बघितलं. त्याच्या बेंबीला नाळेचा सुकलेला तुकडा परत आला होता. बघता बघता तो ओला झाला.

"आई," शलाका म्हणाली. "दही बघ."

"बसलं नसेल अजून."

"बसलंय."

"तुला काय कळतं दह्यातलं? तिकडे डब्यातलं खाता."

शलाका उठली. मुक्ताला कडेवर घेऊन ती ओट्यापाशी गेली, ताटली काढली आणि पातेलं वाकडं केलं. दही हललं नाही. वर सायीचा पिवळसर थर धरला होता, त्याला एक तडाही नव्हता. ते कधीच बसलं होतं.

ती आईकडे वळली. आई मलमलीची गाठ नीट करत होती.

"उन्हाळ्यात लवकर बसतं," आई म्हणाली.

"माहीत होतं तुला."

"मग? मी काय आज दही लावतेय?"

बाहेरून दाभाडेकाकांची हाक आली. "अहो ताई, आपलीच रांग उरलीय बरं का. तुमच्या सीटवर रुमाल टाकून ठेवलाय, पण लोक ऐकत नाहीत."

शलाकानं उजवा हात पुढे केला. हात लांबवायला तिला फार वेळ लागला. आई उठली. डाव्या हातावर ईशानला तोलून तिनं चमचा घेतला, पातेल्याच्या कडेनं दही काढलं, मधलं मोडलं नाही. ते शलाकाच्या तळव्यावर ठेवलं. साखरेच्या डब्यात दोन बोटं घातली आणि चिमूट सोडली. दही गार होतं. मग तिनं ईशानला शलाकाच्या डाव्या हातात दिलं आणि मुक्ताला खाली उतरवून तिची मूठ शलाकाच्या कुडत्याच्या टोकाशी नेऊन ठेवली.

शलाकानं दही चाटलं. आईनं आपला पदर पुढे केला. शलाकानं त्याला हात पुसला, पण नीट पुसला नाही. बोटांच्या बेचक्यांत थोडं राहू दिलं.

"येते," ती म्हणाली.

"ये. सावकाश. आणि त्याच्या कानात कापूस घाल."

शलाका दाराबाहेर आली, चपला घातल्या आणि चालू लागली. मागे वळून बघायचं नव्हतं. मधली वाट आता लांब झाली होती. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग परत येत होती आणि माणसं एकमेकांच्या मांडीवरून उतरून आपापल्या जागी बसत होती. तो उंच परदेशी माणूस रिकामी बशी घेऊन वाटेतच उभा होता. ती कुठे ठेवायची ते त्याला कळत नव्हतं. पावलागणिक ईशान जड होत होता. आधी त्याची मान धरली. मग त्यानं मलमलीतून एक हात बाहेर काढला. मग पाय झाडले, आणि तिच्या खांद्याला चावला, तेव्हा दोन दात लागले. कुडत्याला लागलेली ओढ खालून वर, वर येत गेली, आणि मुक्ताचे पाय पट्‌पट् वाजू लागले.

"आजीनं मला लाडू दिला नाही," मुक्ता म्हणाली, स्पष्ट.

"पुढच्या वेळी," शलाकाच्या तोंडून गेलं.

दाभाडेकाकांनी रुमाल उचलला. तिघं बसली. एअर होस्टेसनं पट्टे ओढून बघितले आणि म्हणाली, "झालं न्हवं? बेस." पडद्यावरचं पांढरं विमान हललं. इंजिनाचा आवाज बदलला आणि कान बंद झाले. ईशान रडायला लागला, आता चांगला दणदणीत, आणि शलाकानं त्याला ओढणीआड घेतलं. त्यानं आधी तिचा हात ओढला आणि बोटांच्या बेचक्यांत राहिलेलं दही चाटून साफ केलं.

मुक्ता सीटवर गुडघ्यांवर उभी राहून मागे बघत होती. तिला वळून न बघण्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

"खाली बस, मुक्ता."

"घर सुटलं," मुक्ता म्हणाली. "लांब चाललंय. आजीनं दिवा बंद केला."

"बस खाली."

"तिनं कुलूप लावलं. तिच्याकडे पिशवी आहे. ती पण कुठेतरी निघालीये."

शलाका समोर बघत राहिली. पुढच्या सीटच्या पाठीवर एक मिटलेलं टेबल होतं.

"ती तिथेच उभी आहे, आई. हात असा पुढे करून." मुक्तानं आपला तळवा उघडून तिच्या तोंडासमोर धरला. "तिच्या हातावर दही कोण ठेवणार?"